दोन इंच

दाजीसाहेब गेले तेव्हा धान निसवत होता.
तिसऱ्या दिवशी सभापतींचा माणूस आला फटफटीवर,
म्हणाला, एक्केचाळीस फ्रेमा, अठरा बाय चोवीस,
ग्रामपंचायती, शाळा, सोसायटी, जनावरांचा दवाखानासुद्धा,
तेरवीच्या आत.
पट्टी रुंद पाहिजे, सोनेरी.
काच पातळ चालेल.
बिल जाड काचेचं कर.

माझ्या दुकानात देव जास्त येतात.
देव, मेलेली माणसं, नवरानवरी,
दहावी पास पोरींची सर्टिफिकेटं.
सगळ्यांना एकच डिंक, त्याच बारीक चुका.
बाबा सांगायचा, काच पुसताना चेहरा पाहू नये,
धूळ पाहावी.
मी बरीच वर्षं धूळ पाहिली.

फोटो नागपूरहून छापून आले, गुंडाळ्या करून,
उलगडले की पुन्हा मिटायचे,
चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली.
बोडीच्या पाळीवर दाजीसाहेब,
सोगा हातात, पायांशी नव्या तुडुमातलं पाणी,
मागे उन्हात विरघळलेली माणसं.
आणि डाव्या कडेला एक हात.
नुसता हात, कोपरापासून पुढे,
पितळी गडवा धरलेला.
मनगटावर गोंदणाचे पाच ठिपके, एक रेघ,
रेघ शेवटी घसरलेली.

ही घसरलेली रेघ मी दर बुधवारी पाहते.
माझ्या दुकानासमोर पोतं अंथरून बसते ती,
सुके झिंगे मापते चिपट्यानं,
वरून एक चिमूट जास्तीची टाकते
आणि टाकल्याचं गिऱ्हाइकाला कळेल असं पाहते.

सभापतींचा माणूस म्हणाला होता,
तो हात माउंटखाली दाब.
साहेब मधात आले पाहिजेत.

बुधवारी मी फोटो बाहेर नेला.
भागरथा नैतामनं चष्मा पदरानं पुसला.
"माहाच व्हय," ती म्हणाली, फारसं नवल न करता.
"गोंदनारीले शिक आली, मून रेघ वाकडी."
मग म्हणाली,
"फोटूवाला मने, बाई सरक.
मी सरकली.
हात रायला वाटते."

प्याले का ते पाणी?
"प्याले ना. गडवाभर प्याले, घटघट.
मने, आनखी आन व.
मी आनाले गेली,
आली तं जीप गेलती."

एवढं बोलून ती फोटोवर वाकली,
दाजीसाहेबांवर नाही, हातावरही नाही.
गडव्याच्या काठाशी बोट नेलं.
"पाय, चेपलेला हाये इथं.
सासूचा होता. मोडीत देल्ला,
पोराच्या आयटीआयच्या फीपाई."
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.
बोटाला झिंग्याची पूड होती,
फोटोच्या कडेला तिचा ठसा राहिला.

माउंट कापायला बाबाची पात आहे अजून.
डावीकडे दोन इंच जास्त, उजवीकडे नेहमीइतकं.
दोन इंच. दोन इंच.
चाळीस वेळा मी त्या हाताला सरक म्हटलं
आणि चाळीस वेळा तो सरकला.
दुकानात पुठ्ठ्याच्या भुशाचा वास,
बाहेर लाऊडस्पीकरवर श्रद्धांजलीची तालीम,
कुणीतरी 'झंझावात' शब्दाला अडखळतंय.

शेवटचा फोटो ठसावाला.
मी धूळ पुसली. ठसा पुसला नाही.
डाव्या बाजूला पात धरली
आणि काही ठरवण्याआधीच
पट्टी अरुंद कापली गेली,
असं मी सांगीन, कुणी विचारलं तर.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणसावर निजवून
एक्केचाळीस दाजीसाहेब गेले.
कुठली कुठल्या गावाला, मी खूण केली नाही.
कुठेतरी सदोबा शिपाई स्टुलावर चढेल,
खालून सरपंचीणबाई म्हणेल, साहेब एका अंगाला गेले रे,
खिळा सरकव.
तो खिळा काढेल, पुन्हा ठोकेल,
भिंतीला दोन भोकं पडतील.
साहेब मधात येणार नाहीत.
त्या जागी कुणीतरी पाणी घेऊन उभं आहे.

बिल अजून निघालं नाही.
भागरथाकडून बुधवारी पावशेर झिंगे घेतले.
तिनं पैसे मोजून घेतले,
पुरते,
आणि एक चिमूट वरून टाकली,
मला दिसेल अशी.